प्रश्न आधी घरात विचारू द्या

पालकहो,

सातवी-आठवीच्या सुमाराला आपल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला एक प्रश्न येतो. वर्गात, मैदानात किंवा मोबाइलवरच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "तुम्ही कन्व्हर्ट ना रे?" पाठोपाठ कधी हेही येतं, "तांदळासाठी धर्म बदलला म्हणे तुमच्या पणजोबांनी." मूल घरी येतं. एखादं विचारतं. बरीचशी विचारत नाहीत. दप्तर टाकतात आणि जेवायला बसतात. रविवार शाळेत इतकी वर्षं मुलांमध्ये वावरल्यावर मला त्या न विचारणाऱ्या मुलांची काळजी जास्त वाटते. म्हणून आज तुमच्याशी बोलायला बसले आहे.

मुलाने विचारलंच तर आपण काय सांगतो? "लक्ष देऊ नकोस." "अशा पोरांच्या नादी लागू नकोस." फार तर, "त्यांच्यासाठी प्रार्थना कर." यातलं काहीच चुकीचं नाही. पण मुलाला उत्तर हवं होतं आणि ते मिळालं नाही. मग ते उत्तर शोधायला दुसरीकडे जातं. आज ते 'दुसरीकडे' खिशातच असतं. तिथे एका बाजूला आपल्याला देशद्रोही ठरवणारे व्हिडिओ असतात, आणि दुसऱ्या बाजूला बाकी सगळ्या जगाला सैतानाचं ठरवणारे उपदेशक. दोघांनाही आपल्या मुलाला विचार करायला शिकवायचं नसतं.

मला सांगायचं आहे ते एवढंच. श्रद्धेबद्दलचे, समाजाबद्दलचे, राजकारणाबद्दलचे अवघड प्रश्न मुलांनी आधी आपल्या घरात विचारावेत, आणि आपण त्यांना खरं उत्तर द्यावं, ते आपल्या सोयीचं नसलं तरी. ज्या श्रद्धेला विचार करायची मुभा नसते ती कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात गळून पडते, नाहीतर कडवी होते. आपल्या मंडळ्यांमधून आपण दोन्ही पाहिलं आहे.

प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास, असं आपल्यापैकी अनेकांना लहानपणी शिकवलं गेलं. पण प्रभू येशूच्या बाळपणानंतरचा आणि त्याच्या सेवेआधीचा एकच प्रसंग लूकने लिहून ठेवला आहे, आणि तो प्रश्न विचारण्याचाच आहे. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमेत मागे राहतो. आईबाप घाबरून शोधत फिरतात. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडतो, गुरुजनांच्या मध्ये बसलेला, त्यांचं ऐकत आणि त्यांना प्रश्न विचारत. मरीया रागावते. त्याचं उत्तर तिला आणि योसेफाला कळत नाही. तरी ती ते फेटाळत नाही, मनात जपून ठेवते. पालकांसाठी याहून मोठा धडा मला शास्त्रात क्वचितच दिसतो. मुलाचं बोलणं आज कळलं नाही, तरी ते जपून ठेवता येतं.

आता त्या 'कन्व्हर्ट' प्रश्नाकडे येऊ. मुलाला इतिहास सांगा, आणि पूर्ण सांगा. गोव्यात 1560 साली इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं आणि मधली काही वर्षं वगळता ते 1812 पर्यंत चाललं. पोर्तुगीज अमलात देवळं पाडली गेली, माणसांचा छळ झाला, आणि हे ख्रिस्ताच्या नावाने झालं. आपल्या मुलांनी हे पहिल्यांदा आपल्याच तोंडून ऐकलं पाहिजे. ते कुणाच्या द्वेषाने भरलेल्या व्हिडिओत पहिल्यांदा ऐकलं, तर त्यांना दोन धक्के बसतील. एक त्या इतिहासाचा, आणि दुसरा आपण तो लपवल्याचा. त्याच गोव्यात, सासष्टीत राहून फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइटाने मराठी आत्मसात केली आणि येशूची कथा ओवीत रचली. त्यांचं 'क्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरला छापलं गेलं. जबरदस्ती करणारेही ख्रिस्ती होते आणि आपल्या भाषेवर जीव लावणारेही. मुलांना दोन्ही सांगा. त्यांना ते पेलतं.

नगरकडची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1831 साली आलं, 1842 साली 'ज्ञानोदय' सुरू झालं, शाळा निघाल्या. पुढे महार आणि मांग वस्त्यांमधून हजारो माणसं ख्रिस्ताकडे आली. दुष्काळाच्या वर्षांत मिशनने धान्य दिलं हे खरं आहे. कुणी भुकेपोटी दारात आलं असेल, हेही खरं मानायला हरकत नाही. भुकेल्याला अन्न देण्यात लाज नाही. अन्नाच्या बदल्यात श्रद्धा मागण्यात आहे. जिथे तसं मागितलं गेलं असेल तिथे ते चुकीचंच होतं, असं मुलाला स्वच्छ सांगा. पण हेही सांगा की ज्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नव्हते, ज्याच्या मुलाला शाळेच्या उंबऱ्याबाहेर बसवत होते, त्याला कुणीतरी देवाच्या घरात शेजारी बसवलं. त्या माणसाने विचार करून पाऊल टाकलं असेल, हे आपण का गृहीत धरत नाही? 'तांदूळ' म्हणणाऱ्याचा मूळ समज असा असतो की गरीब माणसाला पोट असतं, डोकं नसतं. आपल्या पूर्वजांचा तो अपमान मुलाने मान खाली घालून ऐकण्याची गरज नाही, आणि मूठ उगारण्याचीही नाही. त्याला माहिती असली की ते शांतपणे बोलू शकतं.

विचार करून आलेली श्रद्धा कशी असते, हे दाखवायला आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, आणि नवऱ्याबरोबर राहू लागल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सांभाळलं. मग स्वतःशीच विचार करत त्यांनी आधी जातिभेद टाकला, आणि त्यानंतर 1900 साली बाप्तिस्मा घेतला. हा क्रम लक्षात घ्या. ज्या बाईचा संसार त्या निर्णयाने मोडला होता, ती आपल्या गतीने, आपल्या डोक्याने त्या वाटेने चालली. त्यांचं 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर सुट्टीत मुलांना रोज चार पानं वाचून दाखवा. मराठीतलं इतकं मोठं पुस्तक आपल्या घरातल्या बाईने लिहिलं आहे, हे आपल्याच मुलांना ठाऊक नसावं याचं वाईट वाटतं.

आता रोजच्या जगण्याकडे. गणपतीत शेजारच्या काकू ताटात मोदक घेऊन दारात उभ्या राहतात, वर विणलेला रुमाल असतो, आणि मूल आपल्या तोंडाकडे बघतं: घ्यायचं की नाही? आपल्यातच यावर दोन मतं आहेत. कुणी घेतात, कुणी नम्रपणे नाही म्हणतात. करिंथच्या मंडळीतही हाच वाद होता, मूर्तीपुढे ठेवलेल्या मांसावरून. पौलाने तिथे सरसकट नियम घालून दिला नाही. पृथ्वी आणि तिच्यावरचं सगळं प्रभूचंच आहे, हे त्याने एकीकडे सांगितलं. आणि माझ्या खाण्याने दुर्बल भावाचं मन अडखळत असेल तर मी खाणार नाही, हे दुसरीकडे. म्हणजे माझं स्वातंत्र्य आणि दुसऱ्याचं मन, दोन्ही तोलायला त्याने शिकवलं. तुमच्या घरात जे ठरलं असेल त्यामागचं कारण मुलाला सांगा. नाही म्हणायचं असेल तर हात जोडून, हसून, घरात बोलावून, चहा विचारून नाही म्हणायला शिकवा. दार अर्धवट उघडून "आम्हाला चालत नाही" म्हणायचं नसतं. एवढ्याशा गोष्टीत ख्रिस्ताची साक्ष बिघडते. आणि शेजारणीचं ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत आपलीही आहे. नाताळच्या करंज्या आणि केक त्याच ताटातून परत जाऊ देत.

नाताळला चकल्या-करंज्या करणं, भजन-कीर्तनातून ख्रिस्त गाणं, कपाटात नऊवारी असणं, यातल्या कशानेही आपण कमी ख्रिस्ती होत नाही. टिळकांनी आयुष्यभर हेच सांगितलं: ख्रिस्त या मातीत परका दिसता कामा नये. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही आपला शाकाहार सोडला नाही. ज्या सिस्टरांच्या आश्रयाला त्या होत्या त्यांच्याशीही धर्मसिद्धान्तांवरून त्या पत्रांतून ठामपणे वाद घालत राहिल्या. आभार मानणं वेगळं आणि डोकं गहाण टाकणं वेगळं, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

राजकारणाचं नाव काढलं की आपल्या घरात दोन प्रकार दिसतात. एक, "आपल्याला काय करायचंय, आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे." दुसरा, रोज सकाळी देशभरातल्या हल्ल्यांचे, खऱ्या-खोट्या बातम्यांचे फॉरवर्ड मुलांसमोर वाचणं. पहिल्याने मूल उदासीन होतं, दुसऱ्याने भेदरतं.

या देशाच्या उभारणीत आपण परके नव्हतो, हे मुलांना कळू द्या. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी बंगाली ख्रिस्ती होते, आणि अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे ते अध्यक्षही होते. आपल्यासाठी धर्माच्या आधारावर राखीव मतदारसंघ नकोत, या भूमिकेला त्यांनी आणि मद्रासचे फादर जेरोम डिसूझा यांनी पाठिंबा दिला. आपण शेजाऱ्यांच्या सद्भावावर विसंबून या देशात राहू, असा तो विश्वास होता. आणि 1948 च्या डिसेंबरात धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कावर सभेत वाद झाला, तेव्हा तो हक्क राहावा म्हणून क. मा. मुन्शी, पंडित लक्ष्मीकांत मैत्र आणि टी. टी. कृष्णमाचारी उभे राहिले. तिघेही हिंदू. कृष्णमाचारींनी तर सांगितलं की आपण अनेक वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो आणि कुणी आपला धर्म बदलायचा प्रयत्न केला नाही. आज पंचविसावा अनुच्छेद आपल्या हातात आहे तो अशा माणसांमुळेही आहे. पुढे 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. मुलांना तेही सांगा, त्यावर तुमचं मत काय ते सांगा, आणि त्यांचं विचारा. आपण कुठे उभे आहोत हे ज्याला कळतं तो कमी घाबरतो.

नगर, जालना, मराठवाड्यातल्या आपल्या अनेक घरांत आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मुलाच्या दाखल्यावर लिहिलेला असतो. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली तो शिखांना आणि 1990 साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुस्लीम दलितांना अजून नाही. 2022 साली केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली त्यावर आयोग नेमला. हा दर्जा नसल्यामुळे कित्येक घरांत मूल कागदावर एक असतं आणि रविवारी दुसरं. ते घर चुकतं आहे असं मी म्हणणार नाही. शिष्यवृत्ती, फी, नोकरी यांचा हिशोब ज्याने मांडला नाही त्याने दुसऱ्याचा न्याय करू नये. पण दोन नावांनी जगणारं मूल एक दिवस विचारतं, "मग आपण नक्की कोण?" त्या दिवशी त्याला गप्प बसवू नका. कायदा काय म्हणतो, तो तसा का आहे, तो बदलावा म्हणून कोण काय करतं आहे, आणि आपण हा निर्णय कोणत्या अडचणीत घेतला, हे सगळं समोर मांडा. लपवलेली गोष्ट मुलाच्या मनात लाज होऊन बसते.

मतदानाबद्दल. पाळकांनी सांगितलेल्या चिन्हावर शिक्का, नाहीतर समाजाच्या बैठकीत ठरलेल्या उमेदवाराला मत, एवढ्यावर आपली राजकीय समज थांबू नये. आपल्या लोकांना काय मिळेल हा प्रश्न रास्त आहे. ख्रिस्ताच्या शिष्याला मात्र त्यापुढचाही प्रश्न विचारावा लागतो: या निर्णयाने माझ्या शेजाऱ्याचं काय होईल? चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात 'माझा शेजारी कोण' असं विचारणाऱ्याला येशूने आपल्या समाजाबाहेरचा माणूस दाखवला. तोच निकष घरात लावून बघा. एखादा उमेदवार आपल्या दफनभूमीला जागा देतो, पण पलीकडच्या वस्तीवर अन्याय करतो, तर? दुसरा आपल्याला काही देत नाही, पण झोपडपट्टीत पाणी आणतो, तर? मुलांसमोर हे बोला. उत्तर एकमताचं नसेल, नसू दे.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. वसईचे कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता'चे संपादक, 'सुबोध बायबल'चे लेखक, आणि पुढे 2020 साली धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. पण वसईकरांना ते आठवतात हरित वसईच्या लढ्यामुळेही. बागायती, विहिरी, जमिनी वाचवण्यासाठी ते सर्वधर्मीय वसईकरांबरोबर रस्त्यावर उतरले. त्यासाठी त्यांना वेदी सोडावी लागली नाही.

एक प्रसंग सांगते. आमच्या मंडळीतला नववीतला मुलगा एका रविवारी वर्गात सांगत होता. त्यांच्या सोसायटीत एक मुस्लीम जोडपं भाड्याने जागा पाहायला आलं होतं. लगेच सभा बोलावली गेली. 'त्यांना' जागा द्यायची नाही असं बहुतेकांचं मत पडलं. या मुलाच्या वडिलांनी हात वर केला आणि विचारलं, "आपल्या उपविधींत हे कुठे लिहिलंय, दाखवा." कुणी दाखवू शकलं नाही. मग ते म्हणाले, "आज त्यांचं नाव आहे. उद्या आमचं असेल, तेव्हा तुम्ही काय म्हणाल?" सभा अवघडली, पण मत बदललं नाही. त्या जोडप्याने दुसरीकडे घर घेतलं. जिना उतरताना मुलाने विचारलं, "बाबा, मग उपयोग काय झाला?" वडील म्हणाले, "घर मिळवून देणं माझ्या हातात नव्हतं. गप्प न बसणं होतं." मी शोमरोन्याचा दाखला कितीदा शिकवला आहे. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्या मुलांना तो कळला, आणि तो मी शिकवला नव्हता.

आता एक कडू गोष्ट. आपण इथे संख्येने थोडे आहोत, म्हणून बहुसंख्याकांकडून न्याय मागतो. पण जिथे ख्रिस्ती बहुसंख्य होते तिथे त्यांनी काय केलं? हिटलरच्या जर्मनीत बरीच मंडळी सत्तेच्या बाजूला उभी राहिली. 1934 साली बार्मेनला काहींनी एकत्र येऊन त्याविरुद्ध आपली श्रद्धा जाहीर केली. डीट्रिश बॉनहॉफरसारखे काहीजण त्याची किंमत जिवाने मोजून गेले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला बायबलचा आधार देणारी चर्चं होती, आणि त्याविरुद्ध बायबल घेऊनच लढलेले डेस्मंड टूटूही होते. मुलांना हे शिकवायचं ते न्यूनगंडासाठी नव्हे. सत्ता हातात आली की धर्माच्या नावाने माणूस काय करू शकतो, हे ज्याला आपल्याच घरात दिसतं, तो दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवताना थांबतो. आणि इथे जो न्याय आपण मागतो तोच न्याय तिथल्या अल्पसंख्याकांसाठीही मागावा लागतो, हे त्याला कळतं.

याच कारणाने बाहेरच्या देशांचं राजकारण फॉरवर्डमधून आपल्या घरात शिरतं तेव्हा सावध असा. अमेरिकेतल्या कुणा उपदेशकाची पक्षीय भाषणं मराठी उपशीर्षकांसह फिरतात आणि आपण ती शास्त्रवचनासारखी ऐकतो. इस्रायल-पॅलेस्टाइनचा विषय निघाला की कित्येक घरांत एकच बाजू 'आपली' ठरते. त्या पॅलेस्टाइनमध्ये, बेथलेहेमात, गाझात पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती माणसं राहतात, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? ऑक्टोबर 2023 मध्ये गाझातल्या सेंट पोर्फिरियस चर्चच्या आवारात आसरा घेतलेली माणसं हल्ल्यात मेली. त्याच महिन्यात इस्रायलमध्ये निरपराध माणसांची कत्तल झाली होती. दोघांसाठी प्रार्थना करता येते. एका बाजूच्या मेलेल्यांसाठी रडणारी आणि दुसऱ्या बाजूच्या मेलेल्यांवर आनंदणारी प्रार्थना ख्रिस्ताच्या नावाने करता येत नाही.

रमाबाईंकडे पुन्हा येते, कारण राज्यकर्ते आपल्याच धर्माचे असताना कसं वागावं हे त्यांनी दाखवलं. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात स्त्रियांना जी वागणूक मिळाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते, त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, आणि त्यांच्या कामाला मदतही परदेशातल्या ख्रिस्ती लोकांकडून येत होती. तरी त्यांनी लिहिलं. इकडे पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांच्यावर धर्मांतराचे आरोप करून आधीच रान उठवलं होतं. दोन्ही बाजूंनी टीका सोसणाऱ्या त्या बाईने केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा दिला आणि बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत आणण्यासाठी आपली शेवटची वर्षं वेचली. कुणाच्याही बाजूचं न होता देवाच्या आणि माणसाच्या बाजूचं होता येतं, असं मी मुलांना सांगते तेव्हा डोळ्यांसमोर रमाबाईच असतात.

मात्र मुलांशी बाहेरच्या अन्यायाबद्दल बोलणाऱ्या आपण घरातल्या अन्यायाबद्दलही बोललं पाहिजे. नाहीतर मुलं आपलं बोलणं ऐकत नाहीत, आपलं वागणं मोजतात. लग्न जुळवताना आपण "मूळचे कोण?" असं विचारतो ना? प्रभुभोजनाला एका प्याल्यातून पिणारी माणसं सोयरीक करताना जात का पाहतात, याचं उत्तर आपल्या मुलीने मागितलं तर काय देणार आहोत? मंडळीच्या समित्यांमध्ये बाया किती आहेत? पैशांचा हिशोब मंडळीपुढे मांडला जातो का? आपल्या संस्थांच्या जमिनींचे व्यवहार स्वच्छ आहेत का? हे प्रश्न मुलांनी विचारले तर त्यांना बंडखोर म्हणू नका. आमोस आणि यशया आपल्याच लोकांना हे विचारत होते, आणि त्यांची पुस्तकं आपण पवित्र मानतो.

तशीच काळजी मोबाइलवरच्या चमत्कारांबद्दल घ्या. "इतकं दान द्या, परीक्षेत यश मिळेल", "औषधं सोडा, विश्वास ठेवा" असं सांगणारे आवाज आपल्या घरात रोज ऐकू येतात. आजारी मुलाला डॉक्टरकडे नेणं हा विश्वासाचा अभाव नाही. मिरजेला मिशनच्या दवाखान्यात डॉ. विल्यम वॉनलेस शस्त्रक्रिया करत आणि प्रार्थनाही करत. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. मन खचलेल्या मुलाला तर "प्रार्थना कमी पडते" असं कधीच म्हणू नका. त्याला प्रार्थनेइतकीच समुपदेशकाचीही गरज असू शकते.

मग करायचं काय? मला जमलेलं आणि काही घरांत चालताना पाहिलेलं सांगते. आठवड्यातल्या एका कुटुंबोपासनेला शुभवर्तमानाच्या उताऱ्याबरोबर वर्तमानपत्रातली एक बातमी ठेवा. बातमी मुलांनी निवडावी. प्रत्येकाने सांगावं, या बातमीत शेजारी कोण आणि त्याचं दुःख काय. मत मांडताना मोठ्यांनी शेवटी बोलावं. कुठलाही फॉरवर्ड पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचारायची सवय लावा: हे खरं आहे का, मला कसं कळलं, आणि ज्याच्याबद्दल आहे तो समोर बसला असता तर मी हे वाचून दाखवलं असतं का? शेवटचा प्रश्न 'आपल्या' बाजूच्या फॉरवर्डलाही लावा. वर्षातून एकदा मुलांना आपल्या इतिहासाच्या जागी न्या. नगरची जुनी चर्चं, केडगावचं मुक्ती मिशन, वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चं, यातली एखादी जागा बहुतेकांना एका दिवसात करता येते. आणि तुम्हाला ठाऊक नसेल तर "मला माहीत नाही, शोधू या" म्हणा. त्याने मुलांचा आपल्यावरचा विश्वास वाढतो.

एवढं करूनही मुलं आपल्या मताची होतील असं नाही. कुणी आपल्याला न पटणाऱ्या पक्षाला मत देईल, कुणी दुसऱ्या मंडळीत जाईल, कुणी काही काळ चर्चकडे फिरकणारही नाही. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलाला दोरीने बांधून ठेवलं नव्हतं; मुलाला परतायची वाट ठाऊक होती, कारण घरात आपलं ऐकलं जातं हे त्याला ठाऊक होतं. आपल्या हातात तेवढंच आहे, आणि ते थोडं नाही.

सुरुवात मोठी करू नका. येत्या रविवारी उपासनेहून घरी परतताना मुलाला विचारा, "आजच्या उपदेशातलं तुला काय पटलं नाही?" आणि त्याचं सगळं बोलणं संपेपर्यंत मधे बोलू नका.